आइन्स्टाइनच्या पोटाची गोष्ट

जीभ बाहेर काढलेल्या आइन्स्टाइनचे छायाचित्र ज्याने पाहिले नाही असा माणूस विरळाच. होस्टेलच्या खोल्यांत, टी-शर्टांवर, चहाच्या कपांवर ते म्हातारे, विस्कटल्या केसांचे पोर आपल्याला वाकुल्या दाखवत असते. १४ मार्च १९५१ रोजी, त्यांच्या ७२व्या वाढदिवशी, समारंभ आटोपून ते मोटारीत बसले होते. छायाचित्रकारांनी आणखी एकदा हसायची गळ घातली. कंटाळलेल्या आइन्स्टाइननी जीभ काढली आणि कॅमेऱ्याने ती टिपली. पुढे त्यांना स्वतःलाच हे छायाचित्र इतके आवडले की त्याच्या प्रती त्यांनी मागवून घेतल्या.

छायाचित्रात जे दिसत नाही, ते मला सांगायचे आहे. त्या क्षणी या गृहस्थांच्या पोटात, कण्याच्या पुढ्यात, एक रक्ताचा फुगा धडधडत होता. त्याभोवती सेलोफेनचा पातळ कागद गुंडाळलेला होता, मिठाईच्या खोक्याला गुंडाळतात तसला. हा फुगा केव्हातरी फुटू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. तरी जीभ बाहेर होती.

आइन्स्टाइनच्या मेंदूची गोष्ट सर्वांना माहीत असते. मृत्यूनंतर तो काढून घेतला गेला, त्याचे तुकडे बाटल्यांत फिरले, त्यावर पुस्तकेही निघाली. पोटाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. मी काही भौतिकशास्त्राचा माणूस नव्हे. सारी नोकरी बँकेत गेली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. सापेक्षतावादाचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे. पण खात्यावर शिल्लक किती आणि मुदत केव्हा संपते, याचा विचार करत आयुष्य गेलेल्या माणसाला ही पोटाची गोष्ट फार जवळची वाटते.

१४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतल्या उल्म गावी जन्मलेला हा माणूस सुरुवातीला आपल्यासारखाच नोकरदार होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. विद्यापीठात कुणी जागा दिली नाही म्हणून १९०२ साली तो बर्नच्या पेटंट कचेरीत चिकटला आणि सात वर्षे तिथे राहिला. कचेरीची वेळ सांभाळून त्याने १९०५ साली असे लेख लिहिले की काळ, अवकाश आणि प्रकाश यांचे जुने हिशेब पुन्हा मांडावे लागले. १९१५च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये त्याने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त पुरा केला.

आणि मग शरीराने बिल पाठवले. १९१७ साली आइन्स्टाइन अंथरुणाला खिळले. आधी यकृताचे दुखणे, मग पोटातला व्रण. महायुद्धामुळे बर्लिनमध्ये खाण्यापिण्याची मारामार. दोन महिन्यांत त्यांचे वजन सुमारे २५ किलोंनी उतरले, असे चरित्रकार सांगतात. पत्नी मिलेवा दोन मुलांना घेऊन झुरिचला निघून गेली होती. मावसबहीण एल्सा हिने त्यांना आपल्या शेजारच्या घरात आणले, पथ्याचे करून घातले आणि माणूस वाचवला. १९१९ साली मिलेवाशी रीतसर घटस्फोट होऊन एल्साशी लग्न झाले. त्याच वर्षी सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनी त्यांचा सिद्धान्त खरा ठरवला आणि हा अशक्त, पथ्यावर जगणारा मनुष्य एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांची आई त्यांच्याच घरी कर्करोगाने गेली. १९२८ साली स्वित्झर्लंडमध्ये ते स्वतः कोसळले. हृदय मोठे झाल्याचे निदान झाले आणि कित्येक महिने सक्तीची विश्रांती पदरी आली. पोटाने आणि छातीने त्यांना आयुष्यभर सुखाने जगू दिले नाही. त्यात तोंडातला पाइप सुटत नव्हता.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि आइन्स्टाइननी जर्मनी कायमची सोडली. त्याच ऑक्टोबरात ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. गंमत पाहा, त्याच १९३३ साली बर्लिनमधून आणखी एक ज्यू माणूस बाहेर पडला. त्याचे नाव डॉ. रुडॉल्फ निसेन. १९३१ साली त्यांनी एका लहान मुलीचे एक अख्खे फुफ्फुस यशस्वीपणे काढून दाखवले होते. असा सर्जन कुठलाही देश डोक्यावर घेईल; त्याच्या देशाने त्याला घालवले. निसेन आधी इस्तंबूलला गेले आणि १९३९ साली अमेरिकेत पोचले. एकाच आगीतून निघालेली ही दोन माणसे पंधरा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये भेटायची होती, एक टेबलावर आडवा आणि दुसरा हातात सुरी घेऊन.

प्रिन्स्टनचे घर हळूहळू रिकामे होत गेले. एल्सा १९३६ साली गेली. धाकटी बहीण माया १९३९ साली राहायला आली, पण १९४६ साली तिला पक्षाघात झाला. रोज रात्री आइन्स्टाइन तिच्या उशाशी बसून तिला पुस्तक वाचून दाखवत. १९४८च्या ऑगस्टमध्ये झुरिचला मिलेवा वारली. याच सुमारास त्यांचे पोट पुन्हा उठले होते. दर काही महिन्यांनी वरच्या पोटात कळ यायची, वांत्या व्हायच्या, दोनतीन दिवस तळमळीत जायचे आणि मग सारे शांत. कुठल्याही अनुभवी डॉक्टरला ही पित्ताशयाची लक्षणे वाटावीत. पण पोटावर हात ठेवल्यावर मध्यभागी एक गोळा लागत होता, आणि तो नाडीसारखा उडत होता.

डिसेंबर १९४८मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलात निसेननी त्यांचे पोट उघडले. पित्ताशयात खडे नव्हते. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, एका जागी फुगून मोठ्या मोसंबीएवढी झाली होती.

हे दुखणे कळायला सायकलची ट्यूब आठवावी. एका जागी रबर विरले की तिथे फुगवटा येतो. हवा भरत राहिली की तो वाढतो, आणि जितका वाढतो तितका पातळ होतो. माणसाची पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर जाडीची. वय, तंबाखू, रक्तदाब आणि काही अंशी आनुवंशिकता यांनी तिची भिंत विरते. डॉक्टर या फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दुखत नाही. दुखू लागला तर पाठदुखी, मुतखडा, पित्त अशी दुसऱ्याचीच नावे धारण करतो. आणि फुटला तर बरीच माणसे हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

निसेनपुढे आता काय मार्ग होते? रक्तवाहिनी शिवता येते, हे तोवर सिद्ध झाले होते. त्यामागेही एक पोटाचीच गोष्ट आहे. १८९४च्या जूनमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लिऑन शहरात मारेकऱ्याने पोटात सुरा मारला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली होती. देशातले नामांकित सर्जन उशाशी असून कुणाला ती शिवता आली नाही, आणि अध्यक्ष त्याच रात्री गेले. अलेक्सिस कारेल नावाचा विशीतला तरुण तेव्हा त्याच शहरात वैद्यक शिकत होता. त्याला ही गोष्ट लागून राहिली. त्याने भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून बारीक सुईदोऱ्याचा हात शिकून घेतला, कापलेल्या रक्तवाहिन्या जोडण्याची रीत १९०२ साली जगापुढे मांडली आणि १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळवले.

पण तुटलेली शीर सांधणे वेगळे आणि महाधमनीचा सडलेला तुकडा काढून तिथे दुसरा बसवणे वेगळे. माणसाच्या पोटात असा दुरुस्त तुकडा १९४८ सालापर्यंत कुणी बसवला नव्हता. हात लावला तर टेबलावरच मृत्यू, आणि तसेच शिवून परत पाठवले तर फुगा आपल्या गतीने वाढणार. निसेननी त्या काळी उपलब्ध असलेला मधला मार्ग घेतला. फुग्याच्या दर्शनी भागावर त्यांनी सेलोफेन गुंडाळले. शरीराला ते परके वाटते. त्याच्या चिडीने आजूबाजूला जाड, चिवट व्रणाचा पडदा तयार होतो आणि विरलेल्या भिंतीला बाहेरून टेकू मिळतो. निसेननी पोट बंद केले.

पुढे निसेन युरोपात परतले. जठरातले आम्ल वर येऊ नये म्हणून त्यांनी काढलेली शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावाने जगभर होते. परंतु मला त्यांचा मोठेपणा त्या डिसेंबरातच दिसतो. जगातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण टेबलावर असताना काहीतरी अचाट करून दाखवण्याचा मोह किती झाला असेल! त्यांनी जेवढे शक्य होते तेवढेच केले आणि हात मागे घेतला.

जानेवारी १९४९मध्ये आइन्स्टाइन घरी आले. सत्तरी उंबरठ्यावर होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदतठेव होती, पण पावतीवर तारीख लिहिलेली नव्हती. उद्याही संपेल किंवा दहा वर्षे चालेल. अशा पावतीचे माणूस काय करतो? माझ्या पाहण्यात काही जण घाबरून खर्चच बंद करतात, तर काही जण एका महिन्यात उधळून टाकतात. आइन्स्टाइननी तिसरेच केले. ते रोजच्यासारखे जगले.

सगळ्या बलांना एका सूत्रात बांधणारा सिद्धान्त ते तीन दशके शोधत होते. तो शोध पुन्हा सुरू झाला. तरुण शास्त्रज्ञ त्यांना मागे पडलेला म्हातारा समजत, ते त्यांनी मनाला लावून घेतले नाही. १९४९ साली गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी प्रिन्स्टनला होते, त्यांच्याशी चर्चा झाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंडित नेहरू इंदिराबाईंसह भेटायला आले. १९५०च्या फेब्रुवारीत त्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन हायड्रोजन बॉम्बच्या विरोधात देशाला सावध केले. मार्चमध्ये मृत्युपत्रावर सही करून टाकली. १९५१च्या जूनमध्ये माया गेली, आणि रात्रीचे वाचन थांबले. १९५२ साली इस्राएलचे अध्यक्षपद चालून आले, ते नम्रपणे नाकारले. १९५४ साली ओपेनहायमरवर देशद्रोहाचे सावट आले तेव्हा ते उघडपणे त्यांच्या बाजूने बोलले. ही सारी वर्षे तो सेलोफेनचा कागद आपले काम करत होता.

इकडे जगही थांबले नव्हते. २९ मार्च १९५१ रोजी, म्हणजे त्या जीभ काढलेल्या छायाचित्रानंतर पंधरा दिवसांनी, पॅरिसमध्ये शार्ल द्युबो या सर्जनने अशाच एका रुग्णाचा फुगा कापून काढला आणि त्या जागी मृत दात्याच्या महाधमनीचा तुकडा शिवला. पाठोपाठ अमेरिकेत मायकेल डीबेकी यांनी शिलाईच्या मशीनवर डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवून तयार केल्या. १९४८ साली जे अशक्य होते ते १९५५ साली अवघड, धोक्याचे, पण शक्य झाले होते.

११ एप्रिल १९५५ रोजी आइन्स्टाइननी अण्वस्त्रांविरुद्धच्या बर्ट्रांड रसेल यांच्या जाहीरनाम्याला आपली संमती कळवली. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. १३ तारखेला ते घरात कोसळले. फुगा पाझरू लागला होता. दुखणे पुन्हा पित्ताशयासारखेच दिसत होते. डॉक्टर जमले. न्यूयॉर्क हॉस्पिटलचे मुख्य सर्जन फ्रँक ग्लेन येऊन तपासून गेले. त्यांनी शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवला.

आइन्स्टाइननी नकार दिला. मरण फार यातनांचे असेल का, एवढी चौकशी त्यांनी केली. त्याचे नक्की उत्तर कुणाजवळ नव्हते. आपला वाटा आपण उचलला, आता ओढूनताणून राहायचे नाही, हा त्यांचा विचार डॉक्टरांना स्पष्ट कळला. हॉस्पिटलातही जायचे नव्हते. घरी शुश्रूषा करणाऱ्या सेक्रेटरी हेलन ड्युकास यांच्यावर फार भार पडतो आहे, असे सांगितल्यावर मात्र १५ तारखेला ते तयार झाले. सावत्र मुलगी मार्गो त्याच हॉस्पिटलात दाखल होती, तिची भेट झाली. कॅलिफोर्नियाहून मोठा मुलगा हान्स आल्बर्ट विमानाने आला. या बापलेकांचे आयुष्यभर फारसे जमले नव्हते. आता दोघे विज्ञानाविषयी बोलत बसले. १७ तारखेला जरा बरे वाटले तेव्हा त्यांनी चष्मा आणि गणिताचे कागद मागवले. १८ एप्रिलच्या पहाटे सव्वा वाजता त्यांनी जर्मनमध्ये काही शब्द उच्चारले आणि प्राण सोडला. जवळच्या नर्सला जर्मन येत नव्हते. शवविच्छेदनात महाधमनी फुटल्याचे दिसले. त्याच दिवशी दहन झाले आणि राख अज्ञात ठिकाणी विखुरली गेली.

महाधमनीचे दुखणे पित्ताशयाचे सोंग घेऊन येते, तेव्हा डॉक्टर मंडळी त्याला आजही आइन्स्टाइनच्या नावाने ओळखतात.

कधी कधी मात्र ते सोंग नसते. दोन्ही दुखणी खरोखरच एका पोटात शेजारी नांदतात आणि मग सर्जनची खरी परीक्षा असते. माझ्या मेव्हण्यांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले. वय ७१. पित्ताच्या कळांसाठी सोनोग्राफी केली, तर खडे निघालेच, शिवाय महाधमनी ४.२ सेंटिमीटरपर्यंत फुगलेली दिसली. घरात दोन तट पडले. एक म्हणे दोन्ही एकदम उरकून टाका, दुसरा म्हणे कशालाच हात लावू नका. सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. ज्याचा धोका आधी, ते आधी, हा पहिला नियम. फुगा फुटला असेल किंवा फुटायच्या बेतात असेल तर बाकी सारे थांबते. आतडे सडत असेल किंवा फुटले असेल आणि फुगा लहान व शांत असेल तर आधी आतडे. दोन्ही एकाच वेळी करणे सर्जन शक्यतो टाळतात, कारण पित्तातले किंवा आतड्यातले जंतू नव्या कृत्रिम नळीला चिकटले तर ती सडते आणि पहिल्यापेक्षा मोठे संकट उभे राहते. करावेच लागले तर आधी नळी बसवून तिच्यावरचा पडदा पूर्ण शिवून घेतात, मग पित्ताशयाला हात लावतात. मेव्हण्यांचे पित्ताशय दुर्बिणीने काढले. फुगवट्यावर ठरावीक मुदतीने सोनोग्राफी करून नजर आहे. पुरुषांत तो साधारण साडेपाच सेंटिमीटरला पोचला की दुरुस्तीचा विचार करतात. तीही आता बहुतेकदा पोट न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून होते. ती वाट १९९० साली ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी दाखवली. फुगा काढल्याविना आतून सुरक्षित झाला की काही आठवड्यांनी पोटाचे दुसरे काम निर्धास्तपणे करता येते.

तेव्हा आइन्स्टाइननी नकार दिला म्हणून आपणही द्यावा, असा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्यापुढे ७६व्या वर्षी, फुटलेल्या फुग्यावर, चार वर्षांपूर्वी जन्मलेली शस्त्रक्रिया होती. आपल्यापुढे तसे नाही. इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी या तपासणीचे सरकारी बोलावणे येते. आपल्याकडे तसे बोलावणे येत नाही. पण सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावीही असते. पासष्टी उलटलेल्या आणि कधीकाळी विडी, सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी एकदा डॉक्टरांना याविषयी विचारावे. वेदना न होता पाच मिनिटांत उत्तर मिळते.

पण त्यांच्या नकारातून घ्यायचे आहेच काही. तो नकार त्या आठवड्यात जन्मलेला नव्हता. सहा वर्षे त्यांना दुखणे माहीत होते, मृत्युपत्र झाले होते, काय नको हे मनाशी पक्के होते. म्हणून शेवटच्या पाच दिवसांत त्यांच्या उशाशी गोंधळ झाला नाही. मुलाला बापाच्या वतीने ठरवावे लागले नाही. बापाने ठरवले आणि मुलगा शेजारी बसला.

बँकेत खाते उघडताना नॉमिनेशनचा रकाना असतो. तो रिकामा ठेवून अर्ज पुढे सरकवणारी माणसे मी हजारोंनी पाहिली. आत्ताच कशाला ते, असे म्हणत ती निघून जात. आणि काही वर्षांनी त्यांच्याच बायकामुलांना काउंटरसमोर दाखले घेऊन खेटे घालताना मी पाहिले आहे. हॉस्पिटलात तर हा रकाना पैशांपेक्षाही मोठा असतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मध्यरात्री कुणीतरी कागद पुढे करतो आणि सही मागतो. आतल्या माणसाला काय हवे होते, हे बाहेरच्यांपैकी कुणालाच ठाऊक नसते. मग प्रत्येक जण आपापल्या प्रेमाप्रमाणे आणि भीतीप्रमाणे बोलतो आणि त्यातून उठलेली भांडणे तेराव्यानंतरही मिटत नाहीत.

घरातले वडीलधारे आज धडधाकट आहेत, म्हणूनच आज विचारता येते. रविवारचे जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता विचारता येते. अशुभ बोलतो आहोत असे वाटेल, घरातले एखादे माणूस उठूनही जाईल. जाऊ दे. ज्याला विचारायचे तो बसलेला असला म्हणजे झाले.